पाण्यावर गाडी चालत नाही

पाण्यावर गाडी चालत नाही. आज चालत नाही, उद्याही चालणार नाही. ती चालवून दाखवतो म्हणणारा एकतर स्वतः फसलेला असतो किंवा तुम्हाला फसवायला निघालेला असतो. मी पॉलिटेक्निकमध्ये ऑटोमोबाईलच्या पोरांना इंजिन शिकवतो आणि हे वाक्य वर्गात, गॅरेजमध्ये, लग्नाच्या पंगतीत सगळीकडे बोलत आलोय. तरीही कोणी ना कोणी मोबाईल पुढे करतोच. ‘सर, हे बघा. एक लिटर पाण्यात दीड हजार किलोमीटर!’ व्हिडिओत बोनेट उघडलेलं असतं, नळीतून बुडबुडे जात असतात, आणि पांढऱ्या शर्टातला एक माणूस छातीठोकपणे सांगत असतो की पाण्यापासून हायड्रोजन काढून तो इंजिनात सोडला की तीस-चाळीस टक्के इंधन वाचतं. खाली मोबाईल नंबर आणि ‘डीलरशिप देणे आहे’.

मला राग येतो तो यात पैसे कोणाचे जातात ते बघून. मुंबईत मे २०२१ मध्ये पेट्रोलने शंभरी ओलांडली. त्यानंतर भाड्याच्या गाडीवर पोट असलेल्या माणसाचं गणित कायमचं बिघडलं. गाडीचा हप्ता, टायर, इन्शुरन्स, पासिंग हे सगळं ठरलेलं असतं. हाताशी उरतं ते फक्त ॲव्हरेज. दोन किलोमीटरने ॲव्हरेज वाढलं तर महिनाअखेरीला घरात चार पैसे जास्त येतात. किट विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून तो बंगल्यासमोरच्या मोठ्या गाडीवाल्याकडे जात नाही. तो टेम्पो स्टँडवर जातो, रिक्षा थांब्यावर जातो, दुधाच्या गाड्या भरतात तिथे पहाटे जाऊन उभा राहतो.

आमच्या गल्लीत भाजीची वाहतूक करणारे एक मामा आहेत. छोटा हत्ती आहे त्यांचा. त्यांनी असं किट बसवलं, अठरा हजार मोजून. त्यातले दहा हजार पतपेढीतून उचललेले. बोनेटमधल्या त्या वस्तूची किंमत मी त्यांच्यासमोर काढली. भांडं घरगुती पाण्याच्या फिल्टरचं, भांडी-बाजारात मिळतं तेच. आत स्टीलच्या सात पट्ट्या, मध्ये रबरी वॉशर. बॅटरीकडून आलेली जाड वायर, एक फ्यूज, एक रिले. भांड्यातून निघालेली प्लास्टिकची नळी एअर फिल्टरच्या पुढच्या होस पाईपला भोक पाडून घुसवलेली. आणि सोबत ‘कॅटॅलिस्ट पावडर’च्या पुड्या. ती पावडर म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साईड. हातावर सांडली तर कातडी सोलते, डोळ्यात गेली तर डोळा जातो. पुडीवर ना नाव, ना इशारा. मामा ती पावडर उघड्या हाताने घालत होते आणि त्यांचा शाळेत जाणारा नातू भांडं धरून उभा राहत होता.

भांड्यातलं पाणी गढूळ तपकिरी झालं होतं. विकणाऱ्याने सांगितलं होतं की पाण्यातला कचरा बाहेर पडतोय, म्हणजे मशीन काम करतंय. तो कचरा नव्हता. पट्ट्या झिजून त्यातलं लोखंड, निकेल आणि क्रोमियम पाण्यात उतरत होतं. स्टेनलेस स्टीलमधल्या क्रोमियमचं अशा पाण्यात जे रूप तयार होऊ शकतं, ते कर्करोगाला कारण ठरणारं म्हणून जगभर ओळखलं जातं. मामा ते पाणी गटारात ओतून पुन्हा नळाचं भरत होते.

आता मूळ मुद्दा. पाणी हे इंधन नाही. हायड्रोजन ऑक्सिजनबरोबर जळला की पाणी तयार होतं. म्हणजे जळायचं ते आधीच जळून गेलेलं आहे, त्यातली उष्णता निघून गेली आहे. चुलीतली राख पुन्हा पेटवून भाकरी भाजता येत नाही, तसंच हे. पाण्याचे पुन्हा हायड्रोजन आणि ऑक्सिजन करायचे असतील तर जळताना जेवढी ऊर्जा बाहेर पडली होती, निदान तेवढी परत आत घालावी लागते. निदान म्हणतोय, कारण प्रत्यक्षात नेहमीच जास्त लागते. मग ते पुन्हा जाळा, हाती येईल ते घातल्यापेक्षा कमीच असेल. यात मत, श्रद्धा, देशी-विदेशी असं काही नाही. हे एकोणिसाव्या शतकात सिद्ध झालेलं आहे आणि तेव्हापासून कुणालाही मोडता आलेलं नाही.

‘पण सर, वीज तर बॅटरीतून फुकट मिळते ना?’ हा प्रश्न मला इतक्या चांगल्या माणसांनी विचारलाय की तो पहिला निकालात काढतो. गाडीत फुकट वीज नसते. बॅटरी अल्टरनेटर भरतो, अल्टरनेटरला पट्टा फिरवतो, पट्ट्याला इंजिन फिरवतं आणि इंजिनात तुमचं पेट्रोल जळतं. विजेचा एकेक कण टाकीतूनच येतो. अल्टरनेटरवर भार टाकला की तो जड फिरतो आणि इंजिन तेवढं जास्त पितं.

आता हिशोब करू. मोठी गणितं नाहीत, बारावीच्या मुलाला जमतील अशी आहेत. समजा किट २० अँपिअर ओढतं, १४ व्होल्टला. म्हणजे २८० वॅट. आत सहा घरं एकापुढे एक जोडलेली. फॅरेडेच्या नियमाने तासाभरात यातून जास्तीत जास्त साडेचार ग्रॅमच्या आसपास हायड्रोजन निघतो. तो पूर्ण जाळला तर मिळणारी उष्णता अंदाजे १७ मिलिलिटर पेट्रोलएवढी. खोकल्याच्या औषधाचं टोपण थोडं वर भरेल इतकी. हे झालं उत्पन्न. आता खर्च. २८० वॅट तासभर द्यायचे, अल्टरनेटर ६० टक्के कार्यक्षम धरू, इंजिन २५ टक्के धरू. तेवढ्या विजेसाठी सुमारे २१० मिलिलिटर पेट्रोल जाळावं लागतं. २१० घालायचे आणि १७ मिळवायचे. साठच्या वेगाने लिटरला पंधरा देणारी गाडी तासाला चार लिटर खाते. म्हणजे हे किट त्या चार लिटरमध्ये पाच टक्क्यांची भर घालतं आणि अर्ध्या टक्क्याहून कमी परत देतं. आकडे थोडे इकडेतिकडे करा, महागडा अल्टरनेटर धरा, इंजिन ३५ टक्क्यांचं धरा. उत्तर तोट्याचंच येतं. दरवेळी.

आणि ते ‘एका लिटर पाण्यात दीड हजार किलोमीटर’? हा आकडा खरा असतो! साडेचार ग्रॅम हायड्रोजनसाठी तासाला चाळीस ग्रॅम पाणी लागतं. एक लिटर पंचवीस तास पुरतं. साठच्या वेगाने तेवढ्यात दीड हजार किलोमीटर होतात. विकणारा जे अभिमानाने मिरवतो, तेच त्याच्याविरुद्धचं पहिलं साक्षीपत्र आहे. दीड हजार किलोमीटरच्या रस्त्यात शंभर लिटर पेट्रोल जळालं आणि त्यात एक लिटर पाण्यातून निघालेल्या मूठभर वायूने कसली बचत केली? पाणी संपत नाही, कारण त्यातून नाव घेण्याइतकं काही निघतच नाही.

इथे जरा शिकलेला विक्रेता पवित्रा बदलतो. म्हणतो, हायड्रोजन इंधन म्हणून नाही हो, तो पेट्रोल ‘पूर्ण जाळायला’ मदत करतो. हा युक्तिवाद मी थोडा गंभीरपणे घेतो, कारण त्यात खऱ्याचा अंश आहे. हायड्रोजनची ज्योत वेगाने पसरते. इंधनात पुरेसा हायड्रोजन मिसळला तर जळण सुधारतं, यावर खरं संशोधन झालेलं आहे. दिल्लीत २०२० मध्ये राजघाट आगारातल्या बसना सीएनजीत हायड्रोजन मिसळून देण्याचा प्रयोग सुरू झाला. त्या मिश्रणात हायड्रोजनचं प्रमाण होतं १८ टक्के. आपल्या भांड्यातून मिनिटाला दीडेक लिटर वायू निघतो आणि इंजिन त्याच मिनिटात शेकडो लिटर हवा ओढतं. हजारात दोन-तीन भाग! आणि ‘पूर्ण जाळायला’ शिल्लक तरी किती असतं? नीट ठेवलेल्या इंजिनात ९५ ते ९८ टक्के इंधन जळतंच. पेट्रोलमधली बाकीची ऊर्जा वाया जाते ती न जळाल्यामुळे नाही. ती सायलेन्सरमधून गरम धूर होऊन आणि रेडिएटरमधून गरम हवा होऊन जाते, आणि तिथे हायड्रोजन काही करू शकत नाही. अगदी शंभर टक्के जाळलं तरी दोन ते पाच टक्क्यांच्या वर हाती काही लागणार नाही. तीस-चाळीस टक्के आणायचे कुठून?

काही किटांबरोबर एक छोटी इलेक्ट्रॉनिक डबी येते. ती धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या वायरीत बसवतात. ही डबी गाडीच्या कॉम्प्युटरला खोटा सिग्नल देते, आणि कॉम्प्युटर इंजिनाला कमी पेट्रोल सोडतो. इंधन खरंच थोडं कमी जातं, पण त्याचं श्रेय पाण्याला नाही. इंजिन उपाशी चालवल्याचा तो परिणाम आहे. त्याची किंमत जळालेले व्हॉल्व्ह, ठोकणारं इंजिन आणि धुरात वाढलेले नायट्रोजन ऑक्साईड अशी नंतर वसूल होते. तोवर विकणाऱ्याचा नंबर बंद झालेला असतो.

तरीही माणसं शपथेवर सांगतात की फरक पडला. मामाही सांगत होते. ‘सर, खोटं कशाला बोलू, लिटरमागं तीन किलोमीटरनं वाढलंय.’ मामा खोटं बोलत नव्हते. किट बसवताना त्या माणसाने एअर फिल्टर बदलला होता, टायरात हवा पुरी भरली होती आणि ताकीद दिली होती की पन्नासच्या वर जायचं नाही, नाहीतर मशीनचा फायदा दिसणार नाही. गाडी सावकाश, टायर टणक, फिल्टर नवा. ॲव्हरेज वाढणारच. शिवाय अठरा हजार घातलेला माणूस ॲक्सिलरेटरवर पाय कसा ठेवतो तेही बघा.

म्हणून मी मामांना म्हटलं, मामा, किटचा फ्यूज काढून बघू. कधी असेल, कधी नसेल, ते तुमच्या पोराच्या हातात. तुम्हाला सांगायचं नाही. बाकी सगळं तसंच ठेवा, तोच वेग, तीच हवा, तोच पंप, तेच भाडं. मामा तयार झाले, कारण त्यांना खात्री होती. पोराने वहीत लिहून ठेवलं. पुढे दोघांनी वही उघडली तेव्हा फ्यूज असलेले आठवडे कुठले आणि नसलेले कुठले हे मामांना ओळखता आलं नाही. आकड्यांवरूनही आलं नाही. वाढलेलं ॲव्हरेज फ्यूज नसतानाही तसंच राहिलं होतं. ते कमावलं होतं मामांच्या पायाने आणि टायरातल्या हवेने, आणि त्यासाठी पतपेढीचं कर्ज लागत नव्हतं.

या लुटीला इतिहास आहे आणि तो उघड आहे. अमेरिकेतल्या ओहायोत स्टॅनली मेयर नावाच्या माणसाने पाण्यावर चालणारी बग्गी दाखवून पैसे गोळा केले. गुंतवणूकदार कोर्टात गेले, तज्ज्ञांनी त्याचं यंत्र उघडून पाहिलं आणि ते साधं विद्युत अपघटन निघालं. १९९६ मध्ये कोर्टाने ती उघड आणि गंभीर फसवणूक ठरवून पैसे परत करायला लावले. १९९८ मध्ये मेयर एका हॉटेलात जेवताना कोसळून मेला. शवविच्छेदनात मेंदूतली रक्तवाहिनी फुटल्याचं निघालं. आजही व्हॉट्सॲपवर तो ‘तेल कंपन्यांनी विष घालून मारलेला शास्त्रज्ञ’ म्हणून फिरतो. कोर्टाचा निकाल मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही. फिलिपिन्समध्ये पाण्यावरच्या गाडीच्या नावाने पैसे घेतलेल्या डॅनिएल डिंगेलला २००८ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, २० वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी जपानमध्ये ओसाकात जेनेपॅक्स नावाच्या कंपनीने पत्रकारांना पाण्यावरची गाडी दाखवली आणि वर्षभराच्या आत दुकान गुंडाळलं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला २००९ मध्ये ‘हायड्रो-असिस्ट’ नावाच्या किटवाल्यांना कोर्टात खेचावं लागलं.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतं ते २०१२ मधलं पाकिस्तान. लोडशेडिंगने आणि गॅसटंचाईने लोक रडकुंडीला आलेले असताना आगा वकार अहमद नावाच्या माणसाने पाण्यावर चालणाऱ्या गाडीचं किट दाखवलं. हमीद मीरसारख्या नावाजलेल्या पत्रकाराने त्याला टीव्हीवर बसवलं. केंद्रीय मंत्री खुर्शीद शाह यांनी त्याची पाठराखण केली. आणि ज्यांना उभा देश अणुबॉम्बचे जनक मानत होता, त्या अब्दुल कादिर खान यांनी यात फसवणूक नाही अशी ग्वाही दिली. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक परवेझ हूदभॉय टीव्हीवर जाऊन सांगत राहिले की हे ऊष्मागतिकीच्या नियमांविरुद्ध आहे. त्यांना देशद्रोही म्हणेपर्यंत मजल गेली नसेल, पण निराशावादी, देशाच्या हुशारीवर विश्वास नसलेला माणूस म्हणून त्यांची हेटाळणी झाली. किट कुठेच गेलं नाही. पण काही आठवडे एका अख्ख्या देशात पदवी असलेली, पद असलेली, मान असलेली माणसं पाचवीतल्या विज्ञानाविरुद्ध उभी राहिली.

आपण हसायचं कारण नाही. तमिळनाडूच्या रामर पिल्लईने १९९६ मध्ये पाण्यात झाडपाला उकळून पेट्रोल करतो म्हटलं तेव्हा आपल्याकडच्या मोठमोठ्या लोकांनी त्याची पाठ थोपटली. पुढे त्याचं पेट्रोल बाजारात विकलंही गेलं. सीबीआयने तपास केला तेव्हा त्यात टोल्युइन, नाफ्था असली तेलापासूनच मिळणारी रसायनं निघाली. चेन्नईच्या कोर्टाने त्याला तीन वर्षांची शिक्षा सुनावली ती २०१६ मध्ये. वीस वर्षांनी! मध्य प्रदेशातल्या सागरमधली ‘पाण्यावर चालणारी’ गाडी वाहिन्यांनी दाखवली, तिच्यात पाण्याबरोबर कॅल्शियम कार्बाईड घालावं लागत होतं. कार्बाईडवर पाणी पडलं की ॲसिटिलीन निघतो, वेल्डिंगवाले वापरतात तोच. जळत होता तो. आणि कार्बाईड चुना व कोळशापासून विजेच्या भट्टीत दोन हजार अंशांवर बनतं. त्या विजेचं आणि कोळशाचं बिल बातमीत नव्हतं.

‘तेल कंपन्या हे बाहेर येऊ देत नाहीत’ असं म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे. आपल्या एसटीला कोण अडवतंय? एसटी महामंडळाच्या हजारो बस रोज डिझेल पितात, तोट्याचं रडगाणं वर्षानुवर्षं चालू आहे, डिझेलवरचा खर्च ही महामंडळाची कायमची डोकेदुखी आहे. दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथे त्यांच्या स्वतःच्या मध्यवर्ती कार्यशाळा आहेत, तिथे आयुष्यभर इंजिन खोललेले कारागीर आहेत. स्टीलच्या सात पट्ट्यांनी तीस टक्के डिझेल वाचत असतं तर दापोडीच्या कारागिरांनी ते एका आठवड्यात प्रत्येक गाडीला बसवलं असतं. मेयरची पेटंटं कधीच मुदत संपून सर्वांना मोकळी झालीत. कोणीही वाचावीत, कोणीही बनवावं, कोणालाही एक पैसा द्यायचा नाही. आणि पेटंट मिळालं म्हणजे वस्तू चालते असाही अर्थ होत नाही.

तरीही माझा खरा रोष विकणाऱ्यावर नाही. भामटा भामटेगिरीच करणार. माझा रोष आहे माझ्या स्वतःच्या बिरादरीवर. मी एका कॉलेजात पदविकेच्या शेवटच्या वर्षाचा बहिःस्थ परीक्षक म्हणून गेलो होतो. चार मुलांच्या गटाने ‘पाण्यावर चालणारी मोटारसायकल’ मांडली होती. अहवालात लिहिलं होतं, चाळीस टक्के बचत. मी विचारलं, मोजली कशी? गाडी स्टँडवर लावून, शंभर मिलीच्या बाटलीतून पेट्रोल देऊन, किती वेळ चालते ते मोबाईलवर बघितलं. भार नाही, वेग मोजलेला नाही, एकदाच केलेलं. चाळीसचा आकडा तर थेट किटवाल्याच्या पत्रकातून उचलला होता. मी म्हटलं, ठीक आहे, फळ्यावर या, अँपिअर किती ते लिहा, फॅरेडेचा नियम लिहा. तिघं एकमेकांकडे बघत राहिले. गटातल्या मुलीने खडू घेतला. हायड्रोजनचे ग्रॅम काढले, उष्णता काढली, अल्टरनेटरचा वाटा काढला. खाली उत्तर आलं तेव्हा ती थांबली आणि म्हणाली, ‘सर, हे तर उलटं आहे.’ तिला हे तीन वर्षं आम्ही शिकवलेलं होतं. कुणीही तिला ते इथे लावून बघ असं म्हटलं नव्हतं.

तिचे मार्गदर्शक प्राध्यापक मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘सर, पोरांचं मन मोडू नका. पेपरात फोटो आलाय, साहेबांनी सत्कार केलाय.’ हे वाक्य मला विसरता येत नाही. पोरांचं मन तर त्यांनीच मोडलं होतं. तीन वर्षांच्या मेहनतीचं माप म्हणून त्यांना एक खोटा आकडा दिला होता. आणि त्या पेपरातल्या फोटोखालच्या चार ओळी कात्रण होऊन किटवाल्याच्या पत्रकात छापल्या जातात. ‘इंजिनिअरिंग कॉलेजात सिद्ध झालेले तंत्रज्ञान’ म्हणून ते पत्रक टेम्पो स्टँडवर वाटलं जातं. मामांच्या अठरा हजारांपर्यंतचा रस्ता अशा सत्कारांवरून जातो. पाच मिनिटांचा हिशोब ज्यांना येतो त्यांनी तो केला नाही, ज्यांनी केला त्यांनी सांगितला नाही, आणि बातमीदाराने कोणालाही फोन करून विचारला नाही. दाभोलकरांच्या महाराष्ट्रात जादूटोण्याविरुद्ध २०१३ मध्ये कायदा झाला. भोंदूबाबाने पाण्याचं पेट्रोल केलं तर आपण ओरडतो, आणि तेच काम नट-बोल्ट आणि वायर लावून केलं की त्याला स्टार्टअप म्हणतो.

खऱ्या हायड्रोजनमुळे हा गोंधळ आणखी वाढलाय, म्हणून त्याबद्दलही बोलतो. पुण्यात ऑगस्ट २०२२ मध्ये केपीआयटी आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने मिळून केलेली हायड्रोजनची बस दाखवली गेली. ती खरी आहे आणि ते काम मोलाचं आहे. नितीन गडकरी मार्च २०२२ मध्ये टोयोटा मिराईतून संसदेत गेले, तीही खरी गाडी आहे. पण त्या गाडीत पाणी भरत नाहीत. तिच्या टाक्यांत ७०० बार दाबाने साडेपाच किलोच्या वर हायड्रोजन भरलेला असतो आणि तो बाहेर कारखान्यात वीज जाळून तयार करावा लागतो. एका किलोला पन्नास ते पंचावन्न युनिट. म्हणजे एका टाकीला जवळजवळ तीनशे युनिट, आणि गाडी जाते साडेसहाशे किलोमीटर. तेच तीनशे युनिट साध्या इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीत भरले तर ती दीड-दोन हजार किलोमीटर जाईल. हायड्रोजन ऊर्जेची खाण नाही, तो फक्त ऊर्जा वाहून नेतो. त्याची खरी गरज आहे खतांत, तेलशुद्धीकरणात, पोलादात. अलिबागजवळ थळला आरसीएफ नैसर्गिक वायूपासून अमोनिया बनवते. तो हायड्रोजन उद्या सौर विजेपासून मिळाला तर ती मोठी गोष्ट होईल. देशाने जानेवारी २०२३ मध्ये मंजूर केलेल्या १९,७४४ कोटींच्या हरित हायड्रोजन मिशनचा रोख बराचसा याच दिशेला आहे. पण मंत्र्यांनी ‘पाण्यापासून हायड्रोजन’ म्हटलं की दुसऱ्या दिवशी मथळा येतो ‘आता गाड्या पाण्यावर’, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी किटवाल्याचा फोन खणखणतो.

कायदा काय म्हणतो तेही ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या गाडीत परवानगीशिवाय असा बदल करता येत नाही. सीएनजीचं किटसुद्धा मान्यताप्राप्त लागतं, ते एआरएआयसारख्या संस्थेतून तपासून यावं लागतं, आणि त्याचं सिलिंडर नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसो या स्फोटक-सुरक्षा संस्थेच्या नियमांत बसावं लागतं. एका गॅससाठी एवढी व्यवस्था, कारण गॅस माणसं मारतो. आणि इथे हायड्रोजन व ऑक्सिजन नेमक्या स्फोटक प्रमाणात, एकाच नळीत, गरम इंजिनाशेजारी. हवेत चार टक्क्यांपासून पंच्याहत्तर टक्क्यांपर्यंत कुठेही पेट घेणारा वायू, ज्याला अंगावरच्या कपड्याची ठिणगीही पुरते. इंजिनाने मागे आग टाकली तर भांडं फुटतं, आणि भांड्यात आहे ती कातडी सोलणारी पावडर. अपघात झाला तर विमा कंपनी याच बदलावर बोट ठेवेल. आणि कलम १८२-अ नुसार बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड होऊ शकतो तो गाडीच्या मालकाला. म्हणजे मामांना! ज्याने ते विकलं तो पुढच्या तालुक्यात.

त्याला धरायची सोय नाही असं नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय प्राधिकरण दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं. प्रत्येक व्हिडिओखाली नंबर आहे, प्रत्येक पत्रकावर पत्ता आहे. तक्रार करायला कोणी तरी हवं, आणि ती टेम्पोवाल्याने करावी अशी अपेक्षा ठेवणं निलाजरेपणाचं आहे. ती आरटीओने करावी, कॉलेजांनी करावी, मोटार मालक संघटनांनी करावी. आम्ही करावी.

मामांची तक्रार मी आणि त्यांच्या पोराने मिळून लिहिली आहे, वहीच्या पानांच्या प्रतींसकट. आणि माझ्या विभागात ‘पाण्यावर गाडी’चा प्रकल्प आता नाकारला जात नाही, पण अटी आहेत. भार देणाऱ्या यंत्रावर इंजिन चालवायचं. किट चालू आणि बंद, अनेकदा, मोजणाऱ्याला कुठलं ते माहीत नसताना. पेट्रोल वजनावर मोजायचं, बाटलीवर नाही. अल्टरनेटरवरचा भार वेगळा नोंदवायचा. आणि जो आकडा येईल, तोट्याचा असला तरी, तोच अहवालाच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात छापायचा, आणि त्याची एक प्रत टेम्पो स्टँडवर नेऊन लावायची.